नॅनोसेकंद म्हणजे नेमका किती काळ, आणि तो मोजायची गरज कोणाला पडते?

प्रश्न : शिकवणीच्या ताई, राजेंद्रनगर, इंदूर

सप्रेम नमस्कार. मी नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. आपल्या कॅटमधील, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील, इंडस-२ या, इलेक्ट्रॉनांना गोल कड्यात फिरवणाऱ्या यंत्रात त्यांचे पुंजके एकामागोमाग साधारण दोन नॅनोसेकंदांच्या अंतराने धावतात, असे सांगितल्यावर एका मुलीने विचारले की, जो काळ कोणत्याच घड्याळात दिसत नाही तो मोजला कसा, आणि मोजून उपयोग काय? सेकंदाचा अब्जावा भाग, एवढे मी सांगू शकते. पण त्याने मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. पंचांगातील विपळही याच जातीचे आहे का, हेही कृपया सांगावे.

उत्तर : जुना इलेक्ट्रॉनिक्सवाला, इंदूर

ताई, एवढ्या लहान काळाचे अंतरात रूपांतर करावे, म्हणजे तो हाताशी येतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात जवळजवळ ३० सेंटिमीटर जातो. मुलांच्या दप्तरातील मोठी फूटपट्टी म्हणजे प्रकाशाचा एक नॅनोसेकंद. इंडस-२ च्या कड्याचा परीघ सुमारे १७२.५ मीटर आहे आणि त्यातील इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्याच वेगाने फिरतात, म्हणून एका फेरीला त्यांना सुमारे ५७५ नॅनोसेकंद लागतात. या कड्यात पुंजक्यांसाठी २९१ जागा आहेत. ५७५ ला २९१ ने भागले की आपले दोन नॅनोसेकंद निघतात, म्हणजेच लगतच्या दोन पुंजक्यांत सुमारे साठ सेंटिमीटरांचे अंतर असते. हा भागाकार मुलांकडूनच करून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मोजणीचे म्हणाल, तर एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या संकेताचा आलेख पडद्यावर दाखवणारे उपकरण, मिळाला तरी पुरे. एकच स्पंद दोन को-अ‍ॅक्सिअल केबलींतून पाठवावा आणि त्यांतली एक केबल दोन मीटर जास्त लांब ठेवावी. अशा केबलीत संकेत एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंटिमीटरच जातो, त्यामुळे पडद्यावर दुसरी चढती रेघ पहिलीच्या मागे दहा नॅनोसेकंद सरकलेली दिसते. केबल बदलली की रेघ सरकते, हे एकदा पाहिलेल्या मुलाला नॅनोसेकंद ही केवळ कागदावरची गोष्ट वाटत नाही. मात्र दोन्ही केबली एकाच जातीच्या हव्यात आणि त्यांची टोके योग्य रोधाने बंद केलेली हवीत, नाहीतर परावर्तनामुळे रेघा फाटतात.

उत्तर : पंचांग पाहणारे काका, जुनी इंदूर

विपळाचे मी सांगतो. अहोरात्राच्या ६० घटका, घटकेची ६० पळे, पळाची ६० विपळे. म्हणजे घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे आणि विपळ ०.४ सेकंदाचे. एका विपळात ४० कोटी नॅनोसेकंद मावतात, तेव्हा जात एक म्हणता येणार नाही. लग्नात पाण्यावर तरंगणारे घटिकापात्र बुडाले की घटका भरली, असे मानत. त्या वाटीने विपळ मोजता येत नसे; विपळ हे गणितातले माप होते. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात मध्यरेषा, म्हणजे रेखांश मोजायची मूळ रेषा, आपल्या शेजारच्या उज्जैनवरून धरली आहे, आणि गावोगावच्या वेळेचा फरक त्या रेषेपासून काढायचा तर बारीक मापे लागणारच.

उत्तर : मोबाइल दुरुस्तीवाला, पलासिया

उपयोग प्रत्येकाच्या खिशात आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळ सांगत असतात, आणि संकेत पोहोचायला किती काळ लागला यावरून फोन अंतर काढतो. दहा नॅनोसेकंदांची चूक झाली तर अंतर तीन मीटरने चुकते. एक मायक्रोसेकंद चुकला तर तीनशे मीटरने, आणि सराफ्यासारख्या भागात एवढ्यात कितीतरी गल्ल्या मागे पडतात. फोनमधले घड्याळ साधे असते, म्हणून त्याची चूक हीसुद्धा एक अज्ञात राशी धरून निदान चार उपग्रहांवरून ती सोडवली जाते. उपग्रहावरील आण्विक घड्याळे सापेक्षतेच्या परिणामांमुळे पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती आधीच केलेली नसती, तर चूक दररोज अकरा किलोमीटरांच्या हिशेबाने वाढत गेली असती.

प्रश्नकर्त्या ताई

सर्वांची मनापासून आभारी आहे. २०२३ चे भौतिकीचे नोबेल ज्यासाठी मिळाले, तो अ‍ॅटोसेकंदही याच पद्धतीने सांगता येईल का?

उत्तर : जुना इलेक्ट्रॉनिक्सवाला, इंदूर

हिशेब तोच लागू होतो, पण फूटपट्टी उपयोगी पडत नाही. अ‍ॅटोसेकंद हा नॅनोसेकंदाचाही अब्जावा भाग. तेवढ्या वेळात प्रकाश ०.३ नॅनोमीटर, म्हणजे जेमतेम दोन-तीन अणूंच्या रुंदीइतका जातो. अणूतील इलेक्ट्रॉनांच्या हालचाली याच मापात घडतात, म्हणून त्या पाहण्यासाठी अगोस्तिनी, क्राउस आणि लुइलिए यांच्या प्रयोगांतून इतके आखूड प्रकाशस्पंद तयार करावे लागले. दहावीला आधी केबलीचा प्रयोग दाखवावा, आणि हे अकरावीसाठी ठेवावे.