चावणारा कुत्रा नव्हता, मग काय केलंत? (अनुभव धागा)

खाडीकाठची: मी चेंबूरला राहते. साडेतीन आठवड्यांपूर्वी पहाटे फिरायला गेले असताना कोल्हा पोटरीला चावला. गुरगुरणं नाही की काही नाही. सरळ आला, चावला आणि तिवरांत शिरला. सोसायटीत कोणाला पटेना. "मुंबईत कसला कोल्हा, भटकं कुत्रं असेल!" अहो, या खाडीकाठी कोल्हे आहेतच, आणि २०२४ मध्ये इथल्याच मेलेल्या कोल्ह्यांच्या तपासणीत रेबीज सापडल्याची बातमी होती.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, दहा दिवस प्राण्यावर लक्ष ठेवा. म्हणजे मी तिवरांत डबा घेऊन बसू? पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं. दहा दिवसांचा नियम फक्त कुत्र्या-मांजरापुरता. रानटी प्राणी चावला की थेट तिसरी, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणी. त्यात लस आणि शिवाय सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडं. लशीचा जोर अंगात यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर सीरम राखण करतं. ते जखमेतच टोचतात. पोटरीवर टोचलं तेव्हा मी जी ओरडले, ती बाहेरच्या रांगेपर्यंत ऐकू गेली म्हणे.

तुमचे अनुभव लिहा. कुत्र्याचे नकोत, त्यांचे ढीगभर ऐकलेत.

बोरिवलीकर: नॅशनल पार्कला लागून घर. गॅलरीत वाळत घातलेल्या पापडांवरून माकडाशी झटापट झाली, मनगट फाटलं. घाबरून जवळच्या दवाखान्यात गेलो, त्यांनी तीन टाके घातले. दुसऱ्या डॉक्टरांनी ते पाहून कपाळावर हात मारला. अशा जखमेला शक्यतो टाके घालायचेच नसतात, विषाणू आत ढकलले जातात. घालावेच लागले तर आधी सीरम. पापड माकडानेच खाल्ले.

आजीचीनात: नाशिक, मुंगूस. भाऊ नऊ वर्षांचा होता, बिळात हात घातला. आजीने चुना-हळद भरली, वर चिंधी बांधली. बाबा आल्यावर चिंधी सोडून नळाखाली पंधरा मिनिटं साबणाने हात धुतला. घड्याळ लावून, भाऊ रडतोय, आजी रुसलेली. त्या धुण्यानेच निम्मं काम होतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. आजीला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

जर्सीवाली: इकडे न्यू जर्सीत वटवाघळांची भीती. सकाळी उठलो तर मुलीच्या खोलीत एक लटकलेलं. अंगावर कुठे खूण नाही. तरी डॉक्टर म्हणाले, झोपेत चावलेलं कळत नाही, दात सुईएवढे असतात. नवऱ्याने बॅडमिंटनची रॅकेट उचलली होती, मी अडवलं. तपासणी मेंदूची असते, डोकं ठेचलं की संपलं. डब्यात पकडून आरोग्य खात्याला दिलं. निकाल येईपर्यंत मी तिच्या पाण्याच्या प्रत्येक घोटाकडे बघत होते. निगेटिव्ह आलं.

घुशीनेछळलेला: दादरच्या चाळीत घूस चावली, मी लगेच 'रेबीज रेबीज' करत पळालो. डॉक्टर हसले. उंदीर-घुशीसाठी सहसा ही लस लागत नाही म्हणे. जखम धुऊन दुसरी औषधं दिली.

सत्तरीपार: आमच्या वेळी पोटात चौदा सुया असत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस. माझ्या धाकट्या काकांनी सहाव्या सुईला पळ काढला, आजोबांनी एसटी स्टँडवरून धरून आणलं. आता दंडावर चार खेपांत भागतं, तरी लोक टाळतात!

खाडीकाठची: काका, टाळतात हे खरं. माझे लशीचे ०, ३, ७ हे दिवस झाले. अठ्ठाविसाव्या दिवसाची तारीख उद्या, आणि उद्याच नणंदेकडे बारसं. सासूबाई म्हणाल्या, "जखम भरली की गं, आता कशाला?" मी सकाळी आठला केसपेपर काढणार, बारशाला थेट घुगऱ्यांच्या वेळेला पोचेन.