रविवारची ऐकणी: साठच्या दशकातले ब्रिटिश बँड (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

दीपक, सेक्रेटरी (बी १०१): नमस्कार मंडळी. रविवारी संध्याकाळी ६ ते ८ क्लबहाउसमध्ये साठच्या दशकातले ब्रिटिश बँड ऐकायचे आहेत. कोणती गाणी आणि कशावर लावायची ते आजच ठरवू या. हॉलमधले दोन स्पीकर आणि सोसायटीचा मिक्सर मिळेल.

फर्नांडिस सर (सी ३०२): सुरुवात किंक्स या लंडनच्या बँडपासून करा. ‘सी माय फ्रेंड्स’, जुलै १९६५. हे गाणं मुंबईशिवाय झालंच नसतं. जानेवारी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाताना किंक्स मुंबईत थांबले होते. पहाटे किनाऱ्यावर कामाला निघालेल्या मच्छीमारांचं गाणं त्यांचा गायक आणि गीतकार रे डेव्हिस याच्या कानावर पडलं, आणि तो सूर त्याने लंडनला नेला.

अनिकेत (सी १०४): सर, पण भारतीय वळणाचं पहिलं गाणं म्हणजे बीटल्सचं ‘नॉर्वेजियन वुड’ ना? सतार तर त्यातच आहे.

फर्नांडिस सर (सी ३०२): सतार त्यात आहे हे खरं, पण तारखा बघ. ‘नॉर्वेजियन वुड’ ज्या ‘रबर सोल’मध्ये आहे तो अल्बम ३ डिसेंबर १९६५ चा. किंक्स त्याच्या चार महिने आधी. आणि त्यांच्याही आधी, जूनमध्ये, यार्डबर्ड्स या दुसऱ्या ब्रिटिश बँडचं ‘हार्ट फुल ऑफ सोल’ आलं. त्यासाठी आधी खरा सतारवादक बोलावला होता, पण ते जमलं नाही. मग त्यांचा गिटारिस्ट जेफ बेक याने तीच ओळ फझ (आवाज फाटका, करकरीत करणारं उपकरण) लावून गिटारवर वाजवली. रेकॉर्डवर सतार नाही, सतारीची नक्कल आहे.

वैशालीताई (ए ५०२): तारखांपेक्षा कोणी काय उचललं ते मला महत्त्वाचं वाटतं. ‘सी माय फ्रेंड्स’मध्ये आपलं एकही वाद्य नाही, तरी तंबोऱ्याचं काम तिथे नीट झालंय. खाली एक स्वर सतत गुंजत राहतो आणि चाल त्याच्याच भोवती फिरते. ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये उलट आहे. सतार आहे, पण ती गाण्याची चाल जशीच्या तशी वाजवते. मींड नाही, तार खेचणं नाही. पहिल्या भागात ग शुद्ध आणि नि कोमल, म्हणजे खमाज थाट. मधल्या कडव्यात ग कोमल होतो, म्हणजे काफी. हा बदल फार गोड आहे, पण तो बीटल्सच्या जॉन लेननच्या गिटारमधून आलेला आहे, सतारीतून नाही.

मुग्धा (ए २०१): ताई, सतार तिथे एवढी पातळ का वाटते त्याचं कारण ध्वनिमुद्रणात आहे. इंजिनिअर नॉर्मन स्मिथ होता. सतारीचा आघात इतका टोकदार की मीटरचा काटा लगेच लाल पट्ट्यात जातो, आणि कानाला मात्र तेवढा आवाज मिळत नाही. लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारं यंत्र) लावला की शिखरं दबतात, पण झंकारही मरतो. त्याने लिमिटर टाळला, म्हणून सतार बारीक पण जिवंत आहे. आजही घरी सतार रेकॉर्ड करताना हीच अडचण येते. उपाय तोच: पातळी १०-१२ डेसिबल खाली ठेवायची आणि माइक भोपळ्याच्या अगदी तोंडाशी न धरता दीड-दोन फुटांवर ठेवायचा.

दीपक, सेक्रेटरी (बी १०१): छान. मग ‘रबर सोल’ फोनवरून मिक्सरला लावू का?

शिरीषकाका (बी ४०३): थांबा, स्टिरिओ (डावीकडे-उजवीकडे वेगवेगळा आवाज) लावू नका! आपल्या हॉलमध्ये तो फसणारच. ‘रबर सोल’चा १९६५ चा स्टिरिओ ऐकलात तर वाद्यं बहुतेक डावीकडे आणि गाणं उजवीकडे आहे. आपले स्पीकर हॉलच्या दोन टोकांना. डावीकडे बसलेल्यांना गायकाशिवाय बँड, आणि उजवीकडच्यांना बँडशिवाय गायक ऐकू येईल.

दीपक, सेक्रेटरी (बी १०१): एवढ्या मोठ्या स्टुडिओत असं कसं केलं काका?

मुग्धा (ए २०१): दीपकदादा, तेव्हा बीटल्सच्या ॲबी रोड स्टुडिओत टेपवर चारच ट्रॅक होते. ड्रम, बास, गिटार एकत्र एका ट्रॅकवर घ्यायचे. ते एकदा मिसळले की वेगळे काढता येत नाहीत, सगळा गठ्ठा डावीकडे तरी टाकायचा किंवा उजवीकडे. आणि घरोघरी रेकॉर्ड प्लेयर मोनोच (सगळा आवाज एकत्र) होते, त्यामुळे खरी मेहनत मोनो मिक्सवर व्हायची. बँड त्या वेळी स्टुडिओत हजर असायचा. स्टिरिओ मिक्स मागाहून उरकलेलं काम. ‘सार्जंट पेपर’पर्यंत (१९६७) हेच चाललं.

फरक ऐकायचा तर ‘शीज लीव्हिंग होम’ घ्या. मोनोत ते जवळजवळ अर्ध्या स्वराने वर आणि त्यामुळे थोडं जलद आहे. स्टिरिओत गाणं रेंगाळतं. ‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये टेपचे वेटोळे (टोकं जोडलेला, पुन्हा पुन्हा वाजणारा टेपचा तुकडा) आहेत, त्यांचे आवाजही मोनो आणि स्टिरिओत अगदी सारखे ऐकू येत नाहीत.

अनिकेत (सी १०४): मग फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ चालू केलं की झालं ना?

मुग्धा (ए २०१): त्याने हॉलची अडचण सुटेल, पण तो मोनो मिक्स नव्हे. डावं-उजवं एकत्र केलं की जे मधोमध आहे ते कडेच्या आवाजांपेक्षा ३ ते ६ डेसिबलने वर उठतं. तोल बिघडतो. शिवाय एका बाजूला मूळ आवाज आणि दुसऱ्या बाजूला त्याचीच किंचित उशिरा येणारी नक्कल असेल, तर दोन्ही मिसळून आवाज पोकळ होतो. बीटल्सचा मोनो संच २००९ मध्ये आलाय, रोलिंग स्टोन्सचा २०१६ मध्ये. त्यातल्याच फायली घेऊ.

मिक्सरवर दोन्ही चॅनेलचे पॅन (डावं-उजवं ठरवणारे खुंटे) मध्यावर. कोणी वाय केबलने डावं-उजवं आउटपुट थेट जोडू नका, दोन्ही आउटपुट एकमेकांवर भार टाकतात आणि आवाज विकृत होतो.

शिरीषकाका (बी ४०३): रेकॉर्ड प्लेयर मी आणतो. मोनो एलपीची खाच फक्त आडवी हलते. स्टिरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) उभी हालचालही वाचतं, आणि त्या उभ्या हालचालीत संगीत नसतं, नुसती धूळ आणि चरे. म्हणून मोनो कार्ट्रिज लावलं की निम्मी खरखर तिथेच जाते. सुईचं टोक मोनोसाठी २५ मायक्रॉन, स्टिरिओसाठी १८. बारीक सुई जुन्या मोनो खाचेच्या तळाशी बसते आणि तळाचा कचरा वाचत राहते.

कोणाच्या घरी जुन्या पेटीत बीटल्सची ७८ ची तबकडी असेल तर तीही सांभाळा. साहेबाच्या देशात ७८ बंद झाल्यावरही आपल्याकडे दमदमच्या कारखान्यात पार्लोफोनच्या लेबलाखाली बीटल्सच्या लाखेच्या तबकड्या निघत होत्या. आज जगभरचे संग्राहक त्या शोधतात. तिला एलपीची सुई लावायची नाही, ७५ मायक्रॉनच्या आसपासची लागते. आणि स्पिरिटने मुळीच पुसू नका! लाख स्पिरिटमध्ये विरघळते, एका हाताने खाच साफ गुळगुळीत होते. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, लेबल कोरडं ठेवून.

वैशालीताई (ए ५०२): बीटल्समधून माझी निवड ‘लव्ह यू टू’, एप्रिल १९६६. तबल्यावर अनिल भागवत, लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधून आलेले. बीटल्सच्या वेष्टनावर बाहेरच्या वादकाचं नाव फार क्वचित छापलं जायचं, ‘रिव्हॉल्व्हर’वर त्यांचं आहे. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने त्यांना सोळा मात्रांचा ठेका सांगितला आणि पुढे मोकळं सोडलं. सुरुवातीला लयीशिवाय आलाप आहे, मग तबला येतो. तो प्रवेश ऐका.

पुढच्या वर्षीच्या ‘विदिन यू विदाउट यू’मध्ये तर मधल्या वाद्यसंगीतात तीनताल सोडून झपताल लागतो. दहा मात्रा, दिलरुबा आणि व्हायोलिनं एकमेकांना उत्तर देतात. लंडनच्या व्हायोलिनवाल्यांकडून मींड काढून घेणं सोपं नव्हतं.

दीपक, सेक्रेटरी (बी १०१): आपल्या मुंबईत काही रेकॉर्ड झालं होतं म्हणतात ते खरं का?

वैशालीताई (ए ५०२): हो. ‘द इनर लाइट’. जानेवारी १९६८, फोर्टमध्ये फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत. हरिप्रसाद चौरसियांची बासरी, आशिष खाँचा सरोद, महापुरुष मिश्रांचा पखवाज. तिथे स्टिरिओ यंत्र नव्हतं, दोन ट्रॅकचं यंत्र एचएमव्हीने कलकत्त्याहून मागवलं. स्टुडिओची ध्वनिरोधक व्यवस्था बेताची, रस्त्यावरची रहदारी आत यायची. हॅरिसनने आपलं गाणं फेब्रुवारीत लंडनला त्यावर चढवलं. मार्चमध्ये ‘लेडी मॅडोना’च्या पाठीमागच्या बाजूला आलं, आणि बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनचं गाणं येण्याची ती पहिलीच वेळ. हे यादीत हवंच.

अनिकेत (सी १०४): सगळं भारतीय वळणाचंच झालं तर रॉक कुठे राहिलं? किंक्सचं ‘यू रिअली गॉट मी’ आणि स्टोन्सचं ‘सॅटिस्फॅक्शन’ घ्या. दोन्ही मी मध्ये वाजवून दाखवतो.

फर्नांडिस सर (सी ३०२): अवश्य. आणि वाजवताना एवढं सांग की ‘यू रिअली गॉट मी’मधला सोलो रेचा भाऊ डेव्ह डेव्हिसचा आहे. तो जिमी पेजने वाजवला ही अफवा साठ वर्षं चालू आहे.

अनिकेत (सी १०४): सांगतो सर. तो आवाज कसा काढला तेही. डेव्हने एल्पिको नावाच्या छोट्या अँपच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला आणि त्याचं आउटपुट व्हॉक्स एसी ३० या मोठ्या अँपमध्ये घातलं. चिरलेला कागद थरथरतो, तीच करकर. मुलांनो, घरी हे करू नका. व्हॉल्व्ह अँपला स्पीकरचा भार नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. साधा ओव्हरड्राइव्ह पेडल, गेन निम्म्यावर, ट्रेबल थोडा वर, बस्स. बोटं सोपी आहेत: सहाव्या तारेवर पहिल्या आणि तिसऱ्या पट्टीचा पॉवर कॉर्ड (मूळ स्वर आणि त्याचा पंचम एवढाच कॉर्ड), मग तिसरी-पाचवी, मग पाचव्या तारेवर तिसरी-पाचवी. चुकतं ते उजव्या हाताचं. दोन कॉर्डच्या मध्ये तळहाताने तारा दाबून आवाज तोडला नाही तर नुसता गोंगाट होतो.

‘सॅटिस्फॅक्शन’ची ओळ पाचव्या तारेवर: २, २, मग २-४-५, आणि परत ५-५-४-४-२. स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने वापरलेला माएस्ट्रो फझ-टोन दीड व्होल्टच्या दोन सेलवर चालायचा. त्यातले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे, तापमान बदललं की आवाज बदलतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जुन्या पद्धतीचा फझ अचानक तुटक वाजायला लागतो तो बहुधा ह्यामुळे. पेडल उन्हातून आणलंत तर अर्धा तास सावलीत ठेवून मग जोडा.

निहार (बी २०२): अनिकेतदादा, स्टोन्सचं ‘हाँकी टाँक विमेन’ शिकवशील? माझ्या गिटारवर बरोबर वाजतच नाही.

अनिकेत (सी १०४): नेहमीच्या जुळणीत ते येणारच नाही रे. ओपन जी (मोकळ्या तारांवरच जी कॉर्ड वाजेल अशी जुळणी) कर. सहावी तार काढून टाक. पाचवी ए वरून जी ला उतरव, पहिली ई वरून डी ला. बाकी तीन तशाच. मोकळ्या तारा छेडल्या की जी मेजर. आता दुसऱ्या तारेची पहिली पट्टी आणि चौथ्या तारेची दुसरी पट्टी दाबून सोड, स्टोन्सचा आवाज तिथेच आहे. पाचवी तार सैल होऊन पट्टीवर खरखरेल, तिच्या जागी एक नंबर जाड तार लाव. पहिलं जुळवलं की दुसरं सरकतं, म्हणून पूर्ण फेरी दोनदा कर.

क्षमा (ए ३०४): पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचं क्वीन नाही का?

शिरीषकाका (बी ४०३): क्वीन १९७० चा बँड, क्षमाताई. पुढच्या वेळी सत्तरचं दशक घेऊ तेव्हा पहिलं नाव त्यांचं.

मुग्धा (ए २०१): माझ्याकडून झोंबीज या ब्रिटिश बँडचं ‘टाइम ऑफ द सीझन’. ‘ओडेसी अँड ओरॅकल’ हा त्यांचा अल्बम बहुतेक ॲबी रोडलाच झाला, एप्रिल १९६८ मध्ये आला, आणि तोवर बँड मोडला होता. अमेरिकेत गाणं गाजलं १९६९ मध्ये, तेव्हा वाजवायला बँडच नाही! माझ्या मते ‘सार्जंट पेपर’च्या बरोबरीने ठेवावा असा हा एकच अल्बम. सुरुवातीची बासची ओळ, टाळी आणि उसासा मोठ्या स्पीकरवर ऐका, फोनवर बास ऐकूच येत नाही.

फर्नांडिस सर (सी ३०२): मुग्धा, एकच कसा? किंक्सचा ‘व्हिलेज ग्रीन’ अल्बम कुठे गेला? २२ नोव्हेंबर १९६८, बीटल्सचा पांढरा अल्बम निघाला त्याच दिवशी. त्या गर्दीत किंक्सकडे कोणी पाहिलं नाही, आणि १९६५ पासून चार वर्षं अमेरिकेत त्यांना कार्यक्रमच करता येत नव्हते. गाणी म्हणून रे डेव्हिसच्या तोडीचं साठच्या दशकात कोणी लिहिलं नाही, लेनन-मॅकार्टनी धरून. मी हे रविवारी सगळ्यांसमोरही म्हणेन.

मुग्धा (ए २०१): सर, शब्दांत मान्य. चालींत नाही. रविवारी दोन्ही लागोपाठ लावू.

वैशालीताई (ए ५०२): ‘द हू’ या बँडचं नाव कोणीच घेतलं नाही. त्यांचा गिटारिस्ट पीट टाउनशेंड मेहेरबाबांचा अनुयायी. बाबा पुण्यात जन्मले, समाधी नगरजवळ मेहेराबादला. बाबांनी जानेवारी १९६९ मध्ये देह ठेवला आणि मे महिन्यात हूचा ‘टॉमी’ अल्बम आला, त्याच्या वेष्टनावर बाबांचं नाव आहे. ‘बाबा ओ’रायली’मधले बाबाही तेच, पण ते गाणं १९७१ चं.

शिरीषकाका (बी ४०३): मग ‘टॉमी’मधून ‘पिनबॉल विझार्ड’. सुरुवातीचा गिटारचा झपाटा मोनोतही दणकट वाजतो.

दीपक, सेक्रेटरी (बी १०१): ठीक. ‘सी माय फ्रेंड्स’ पहिलं, मग ‘नॉर्वेजियन वुड’, म्हणजे सर आणि अनिकेत दोघांचा मुद्दा लोकांना स्वतःच्या कानांनी तपासता येईल. बाकी क्रम मुग्धा लावेल. काका, प्लेयर कुठे ठेवायचा?

शिरीषकाका (बी ४०३): स्पीकरच्या टेबलावर नको, बास सुईपर्यंत पोहोचतो आणि घूं असा आवाज चढत जातो. कोपऱ्यातल्या कडप्प्याच्या ओट्यावर ठेवू. ५ वाजता या, सुईचं वजन आणि पातळी लावायला अर्धा तास लागतो. आणि फोनोची अर्थिंगची वायर मिक्सरला जोडायची विसरू नका, नाहीतर सगळ्या गाण्यांच्या खाली ५० हर्ट्झची गुणगुण येईल.

वैशालीताई (ए ५०२): ‘सी माय फ्रेंड्स’च्या खाली तर मुळीच नको. तिथे आधीच एक स्वर धरलेला आहे.