सल्ला हवा: 'सॉरी फॉर युअर लॉस' मराठीत कसं म्हणायचं?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी घरून इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं करते. सध्या एका विमा कंपनीचं काम हातात आहे. घरातलं माणूस गेल्यावर लोक क्लेमसाठी फोन करतात, तेव्हा पलीकडच्या मुला-मुलींनी काय बोलायचं ती वाक्यं. साठेक आहेत. आधी कुणीतरी केलेलं मराठी मला नमुना म्हणून पाठवलंय. त्यातलं पहिलंच वाक्य असं:

"तुमच्या नुकसानाबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

इथेच मी अडले. दोन वर्षांपूर्वी माझे वडील गेले तेव्हा आईला असाच एक फोन आला होता. फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, "नुकसान कसलं म्हणत होती गं ती?" आईला वाटलं, पैशाचा काहीतरी घोळ झालाय. म्हणून हे काम मला नीट करायचंय, नुसतं उरकायचं नाही.

अडलेली बाकीची वाक्यं: 'बेअर विथ मी', 'थँक यू फॉर युअर पेशन्स', 'यू आर ऑल सेट', 'फील फ्री टू कॉल अस', 'इज देअर एनीथिंग एल्स आय कॅन हेल्प यू विथ' आणि शेवटी 'हॅव अ ग्रेट डे'.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या प्रसंगी तुमच्याकडे माणसं खरंच काय बोलतात? आणि अशा ठरीव बोलण्यासाठी कुठला कोश उपयोगी पडतो? रोजच्या ऑनलाइन शब्दकोशात 'लॉस' पाहिलं की तोटा, हानी, नुकसान एवढंच येतं.

मळ्यातली_वाट

ताई, आमच्याकडे (तालुका बार्शी) कुणी गेलं की भेटायला येणारा माणूस आधी काही बोलतच नाही. येतो, बसतो, पाणी घेतो. मग "लई वाईट झालं" एवढंच. नंतर "कसं काय झालं?" असं विचारतो आणि घरचं माणूस पहिल्यापासून सगळं सांगतं. ते सांगणंच महत्त्वाचं असतं.

फोनवर बसून राहता येत नाही हे खरं. पण "फार वाईट झालं, ताई" म्हणून क्षणभर थांबायचं, असं संहितेत लिहिता येईल का? वाक्यापुढे कंसात 'थांबा' असं लिहा. ती थांबण्याची जागासुद्धा भाषांतराचाच भाग आहे असं मला वाटतं.

दुभाषी_लेस्टर

मी इंग्लंडमध्ये रुग्णालयांत मराठी आणि गुजराती दुभाषी म्हणून काम करते. 'सॉरी' हा शब्द आम्हाला रोज अडवतो. इंग्रजीत माफी मागायलाही सॉरी आणि दुःखात सामील व्हायलाही सॉरी. मराठीत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 'दिलगीर आहोत' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, यांच्या हातून काहीतरी चुकलंय. डॉक्टर 'आय ॲम सो सॉरी' म्हणाले आणि दुभाष्याने 'मला माफ करा' असं सांगितलं, तर घरचे विचारणारच, "म्हणजे तुमच्या चुकीमुळे गेले का?" हा धोका खरा आहे. विम्याच्या फोनवर तर जास्तच.

डॉक्टरांच्या तोंडी वाक्प्रचार खूप असतात. 'ही इज नॉट आउट ऑफ द वुड्स येट.' जंगलाचं नाव न काढता मी "अजून धोका टळलेला नाही" असं सांगते. उलट दिशेलाही तेच. आपला माणूस "पायाला मुंग्या येतात" म्हणतो, तेव्हा मी मुंग्या सांगितल्या तर डॉक्टर कातडीचा आजार शोधत बसतील. इंग्रजीत त्याच जाणिवेला टाचण्या आणि सुया म्हणतात. 'छातीत चमक येते', 'पोटात कळ येते', 'डोकं ठणकतं' ही तीन प्रकारची दुखणी आहेत आणि तिन्हींना नुसतं 'पेन' म्हणून भागत नाही.

माझी पद्धत एकच. शब्द ऐकायचा, मग स्वतःला विचारायचं, की या जागी माझी मावशी असती तर ती काय म्हणाली असती? तेच बोलायचं. मावशी काहीच बोलली नसती असं वाटलं, तर ते वाक्य काढून टाकता येईल का हे विचारायचं.

कृष्णाकाठ

दिलगीर आणि माफीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता! कंपनीला हे कारण लगेच पटेल. थांबण्याची जागाही लिहिते.

पंगतीतला

'थँक यू फॉर युअर पेशन्स'चं नमुन्यातलं मराठी काय आहे? 'धीर धरल्याबद्दल धन्यवाद' असं असेल तर ते आधी काढा. ज्या बाईचा नवरा आठवड्यापूर्वी गेला तिला सगळं गाव "धीर धरा" म्हणतंय, आणि त्याबद्दल फोनवर कुणी आभार मानतंय, हे कानाला फार लागतं. "तुम्हाला थांबावं लागलं, माफ करा" इतकं साधं ठेवा. इथे माफी योग्य आहे, कारण थांबवलं खरंच त्यांनी.

एक आवडीची गोष्ट सांगतो. 'टेक युअर टाइम'ला आपल्याकडे तयार वाक्य आहे: "सावकाश होऊ द्या." पंगतीत यजमान म्हणतात तेच. कागदपत्रं शोधायला बाई उठल्या तर फोनवर तेच म्हणा, फार बरं वाटेल. जेवणाच्या पानावरून आलेलं वाक्य आहे, त्यात घाई न करण्याची माया आहे.

कृष्णाकाठ

तसंच आहे हो, शब्दन् शब्द. 'धीर धरल्याबद्दल धन्यवाद.' काढलं.

जुना_कोशवाला

कोशांबद्दल. माझ्या टेबलावर कायम असतात ते सांगतो.

दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश, दोन भाग, 1940च्या दशकातला. वाक्प्रचार आणि म्हणींसाठी मी तोच आधी उघडतो. त्याची अडचण अशी की तो मराठीकडून सुरू होतो. इंग्रजीकडून जायचं असेल तर मोल्सवर्थ आणि कँडी यांचा 1847चा इंग्रजी-मराठी कोश पाहा. जुना आहे, पण त्यात एका इंग्रजी शब्दाला बोलण्यातले मराठी पर्याय ओळीने दिलेले असतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (1831, सुधारलेली आवृत्ती 1857) इंटरनेटवर मोफत शोधता येतो. 'कच खाणे' शोधून पाहा. 'गेटिंग कोल्ड फीट'ला पाय गार पडण्याची गरज नाही, "ऐनवेळी कच खाल्ली" हे केव्हापासून आपल्याकडे आहे.

म्हणींसाठी मॅनवेअरिंग यांचा 1899चा मराठी म्हणींचा संग्रह आहे, इंग्रजी अर्थासकट. त्यात फिरताना कळतं की बऱ्याच ठिकाणी जोडी आधीच जुळलेली आहे. घोडा पळाल्यावर तबेल्याचं दार लावणं म्हणजे आपलं 'बैल गेला अन् झोपा केला'. झोपा म्हणजे गोठ्याचं झापाचं दार, झोपेशी त्याचा संबंध नाही. हे हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. तव्यातून आगीत पडणं म्हणजे 'आगीतून फुफाट्यात'. पण 'वन्स इन अ ब्लू मून'ला सरसकट 'कपिलाषष्ठीचा योग' लिहू नका. तो योग दुर्मीळ आहे तसा शुभही आहे. भाऊ क्वचित घरी येतो असं सांगायचं असेल तर 'सठीसामाशी' बरं.

भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश तुमच्या अर्जाच्या भागाला उपयोगी पडतील, बोलण्याच्या भागाला नाही. आणि 'नॉमिनी'चं 'वारस' करू नका. कायद्यात ते दोन वेगळे आहेत. गावातला माणूसही 'नॉमिनी कोण लावलाय' असंच विचारतो.

हिरवा_कंदील

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. शब्दशः भाषांतर म्हणजे चूकच, असं धरून चालू नये. माझं टोपणनावच बघा. 'ग्रीन सिग्नल'वरून आपण 'हिरवा कंदील दाखवला' म्हणायला लागलो आणि त्यात रेल्वेच्या गार्डच्या हातातला कंदील आला. आज तो शंभर टक्के मराठी आहे. 'शीतयुद्ध', 'हिमनगाचं टोक', 'लालफितीचा कारभार' सगळे बाहेरून आले आणि रुळले. 'नक्राश्रू' ऐकायला संस्कृत, पण मगरीच्या खोट्या आसवांची गोष्ट युरोपातली. महाराष्ट्रात हिमनग कुणी पाहिलाय? तरी अर्थ पोचतो, कारण चित्र डोळ्यांपुढे येतं.

म्हणून माझी कसोटी अशी: चित्र दिसतं का? 'हिमनगाचं टोक'मध्ये दिसतं. 'दिवसाच्या शेवटी हे तुमच्यावर आहे' यात काही दिसत नाही, नुसती इंग्रजी वाक्याची हाडं दिसतात.

दुभाषी_लेस्टर

कसोटी आवडली. फक्त दुःखाच्या प्रसंगी नवं चित्र कानावर घालू नये, इतकं जोडते. वर्तमानपत्र वाचताना माणूस हिमनगावर क्षणभर विचार करू शकतो. दहाव्याच्या तयारीत असलेल्या माणसाकडे तेवढी ताकद नसते.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे आभाराला कोकणीत 'देव बरें करूं' म्हणतात, मराठी बोलतानाही ते सहज तोंडात येतं. ते ऐकणाऱ्यासाठी मागितलेलं चांगलं असतं. 'हॅव अ ग्रेट डे'च्या जागी नेमकं हेच हवं होतं, पण कंपनीच्या तोंडी देवाचं नाव नको, हे कळतं. मग शेवटचं वाक्य सोडूनच द्या. नवरा गेलेल्या बाईला 'तुमचा दिवस छान जावो' कुठल्याच भाषेत म्हणू नये.

आणखी एक. पत्रांमध्ये 'कैलासवासी' किंवा 'कै.' छापलंय का पाहा. आमच्या गल्लीत ख्रिस्ती घरी 'ख्रिस्तवासी' लिहितात, मुसलमान घरी 'पैगंबरवासी'. सगळ्यांना एकच पत्र जाणार असेल तर 'दिवंगत' ठेवा.

कृष्णाकाठ

'कै.' खरंच आहे, तीन ठिकाणी! बदलते. तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार.

आता एक अडचण राहिली. कंपनीचा तपासनीस माझं मराठी पुन्हा इंग्रजीत करून घेतो आणि मूळ वाक्याशी ताडून बघतो. "फार वाईट झालं" उलटं इंग्रजीत गेलं की 'इट वॉज व्हेरी बॅड' होणार, आणि वाक्य परत येणार.

जुना_कोशवाला

प्रत्येक वाक्यापुढे तिसरा रकाना करा. त्यात इंग्रजीत एक ओळ: मराठी माणूस या प्रसंगी हेच म्हणतो, आणि शब्दशः केल्यास ऐकणारा काय समजेल. 'लॉस'च्या ओळीत आईचा प्रश्न लिहा. तपासनिसाला मराठी येत नसलं तरी तो प्रश्न कळेल. मी वीस वर्षं असंच करतो. परत आलेली वाक्यं फार कमी झाली.

एक उदाहरण लागलं तर हे द्या. आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तोच दारात आला की इंग्रज म्हणतो 'स्पीक ऑफ द डेव्हिल'. फ्रेंच माणूस लांडग्याचं नाव काढतो, चिनी माणूस त्साओ त्साओ या जुन्या सेनापतीचं. आपण म्हणतो, "शंभर वर्षं आयुष्य आहे तुला." प्रसंग तोच, शब्दांत मात्र सैतान, लांडगा, सेनापती आणि आशीर्वाद. उलटं भाषांतर करून ताडलं तर चारही चुकीचे ठरतील, आणि चारही बरोबर आहेत.

फोनवाली

मी अशाच कामावर चार वर्षं होते, म्हणून लिहिते. कुणी हे सांगितलं नाही अजून: आपल्या क्रियापदाला बोलणाऱ्याचं लिंग लागतं. 'बेअर विथ मी'चं "एक मिनिट हं, बघून सांगते" असं लिहिलंत तर मुलगे ते तसंच वाचतात, कारण कागदावर लिहिलेलं बदलायची परवानगी नसते. आमच्याकडे मुलगे महिनाभर 'सांगते' म्हणत होते आणि ऐकणारे गोंधळायचे. दोन्ही रूपं वेगवेगळी छापायला लावा, किंवा "बघायला एक मिनिट लागेल, चालेल ना?" असं लिहा.

'यू आर ऑल सेट'ला "झालं तुमचं काम, आता परत यायची गरज नाही." लोकांना दुसऱ्या वाक्याचाच जास्त आधार वाटतो. हेलपाट्याची भीती असते. 'एनीथिंग एल्स' म्हणजे "अजून काही विचारायचंय?" 'फील फ्री' म्हणजे "काही अडलं तर केव्हाही फोन करा." 'निःसंकोच' मी बोलायचे नाही, फोनवर तो शब्द फुटतो.

आणि 'आपण' नको, 'तुम्ही' ठेवा. 'आपण फॉर्म भरा'मधलं 'आपण' म्हणजे आपण दोघं की फक्त त्या, हे म्हाताऱ्या माणसांना कळत नाही. मला कितीतरी आज्यांनी विचारलंय, "तू पण येणार का भरायला?"

कृष्णाकाठ

तिसरा रकाना केला. पहिली ओळ आता अशी आहे, काल रात्री पाठवली:

"यजमान गेल्याचं कळलं. फार वाईट झालं, ताई. [थांबा. त्या बोलल्या तर ऐका, मध्ये बोलू नका.] तुम्हाला जमेल तसं सांगा, सावकाश होऊ द्या."

मुलगा, आई, वडील गेले असतील तर 'यजमान'च्या जागी काय, ते खाली वेगळं लिहिलंय. पुरुषांना 'दादा' किंवा 'काका'. शेवटचं 'हॅव अ ग्रेट डे' काढून तिथे "ठेवू का फोन?" टाकलंय. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हं, असं बोलली असती तर मी तिला सगळं सांगितलं असतं."

मळ्यातली_वाट

ताई, एकच. आमच्या भागात 'यजमान' म्हाताऱ्या बायका म्हणत नाहीत, 'मालक' म्हणतात. दोन्ही ठेवा, बाई जो शब्द वापरेल तोच पुढे वापरायचा, अशी टीप द्या.

कृष्णाकाठ

दिली. त्या ओळीच्या वरच.