अण्णांची भाकरी, गुळाचा चहा आणि एकादशीचा साबुदाणा: कर्बोदकं कुठली आणि किती?

मंगळवेढ्याची_लेक:
नमस्कार मंडळी. माझे वडील, म्हणजे अण्णा, ६३ वर्षांचे, शेती करतात. मागच्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.२ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. गोळी नको, खाणं आणि चालणं सुधारा. तेव्हापासून अण्णांनी चपाती आणि भात दोन्ही सोडलं. भाकरी मात्र दोन्ही वेळेला तीन-तीन, कारण "ज्वारीची आहे, तिनं काही होत नाही." चहात साखरेऐवजी गूळ. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, तीही ताटभर. आईला वाटतं पथ्य अगदी नीट चाललंय. मला राहून राहून शंका येते. भाकरीतली कर्बोदकं आणि चपातीतली वेगळी असतात का?

रानमेवा:
ताई, सरळ सगळे कार्ब्स बंद करा. माझ्या मेहुण्याचं वजन झरझर उतरलं.

आहारवाली_माई:
रानमेवा, मेहुण्यांचं बरं झालं, आनंद आहे. पण साठी उलटलेल्या शेतकऱ्याच्या ताटातून भाकरीच काढून घेतली तर तो आठवडाभरही टिकणार नाही, आणि त्याची गरजही नाही.

लेकी, मी आहारतज्ज्ञ आहे आणि अण्णांसारखी माणसं माझ्यासमोर रोज बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कर्बोदकांत साखर, स्टार्च आणि तंतू म्हणजे फायबर, हे तिन्ही येतं. साखर पटकन रक्तात जाते. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच लांबलचक साखळ्या. लाळेपासूनच त्या तुटायला लागतात आणि शेवटी ग्लुकोजच होतं. तंतू मात्र लहान आतड्यात पचत नाहीत, बाकीच्याचा वेग कमी करतात.

आता ज्वारी. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं आणि १० ग्रॅम तंतू. गव्हाच्या न चाळलेल्या आट्यात ६४ आणि ११. म्हणजे दोघी जवळपास सारख्याच! पांढऱ्या तांदळात ७८ आणि तंतू जेमतेम ३, तिथं फरक खरा. म्हणून "चपाती वाईट, भाकरी चांगली" हे मला पटत नाही. मैदा आणि आटा यात फरक करा, तो महत्त्वाचा.

आणि आकार बघा. आपल्याकडच्या एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ सहज जातं, म्हणजे ३४ ग्रॅम कर्बोदकं. पातळ छोट्या फुलक्याला २५ ग्रॅम पीठ. तीन भाकऱ्या म्हणजे तसे सहा फुलके झाले! आईला एकदा परातीत घेण्याआधी पीठ वजनकाट्यावर ठेवायला सांग. हे एकच काम केलं तरी अर्धा प्रश्न सुटतो.

गुळाबद्दल स्पष्ट सांगते: गुळातही बहुतेक साखरच असते, थोडं लोह-खनिज सोडलं तर. उंबरठ्यावरच्या माणसाला त्याची सूट नाही. चहा हळूहळू बिनगोडाचा करा, जिभेला सवय होते.

उपवासाचं_ताट:
साबुदाण्याचं मी सांगते, माझ्या सासूबाईंनाही हाच त्रास. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदातून काढलेला जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो. प्रथिनं नावालाच, तंतूही तेवढेच. दाण्याचा कूट असतो म्हणून थोडा आधार. आम्ही आता राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, सोबत दही आणि काकडीची कोशिंबीर करतो. राजगिऱ्यात प्रथिनं बरीच, भुकेलाही धरून ठेवतो. भगरही करतो, पण तीही भातासारखीच मोजून, वाटीभर.

मंगळवेढ्याची_लेक:
माई, आईनं आज पीठ मोजलं. एक भाकरी ७० ग्रॅमची निघाली! अण्णा गप्पच झाले. पण भाकऱ्या कमी केल्या तर त्यांचं पोट कसं भरणार? शेतात जातात ते.

आहारवाली_माई:
सत्तर! मग तीन भाकऱ्यांत १४० ग्रॅमच्या वर कर्बोदकं एका जेवणात जात होती. एकदम उपाशी ठेवू नका. भाकरी दीड करा, आणि कमी केलेल्या भाकरीच्या जागी ताटात मटकी किंवा हुलग्याची उसळ, नाहीतर घट्ट वरण भरपूर वाढा. डाळी-कडधान्यांतही कर्बोदकं असतात, पण प्रथिनं आणि तंतू सोबत येतात, म्हणून साखर हळू चढते. शेपू, मेथी, चुका, जी पालेभाजी मिळेल ती वाटीभर. शेंगाचटणी अण्णांना प्रिय असेलच, चमचाभर चालेल. जेवताना आधी कोशिंबीर-उसळ, मग भाकरी, एवढा क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. जेवणानंतर लगेच आडवं न होता दहा-पंधरा मिनिटं गावातून फेरी मारायची.

एक राहिलं. नाचणीची पातळ आंबील "पौष्टिक" म्हणून सकाळी पेलाभर देत असाल तर तिच्यावरही लक्ष ठेवा. पीठ बारीक आणि पातळ शिजवलेलं असलं की पचतं झटकन, साखर चढते तशीच. नाचणी हवी तर भाकरी करा.

शेतीचं जड काम असलेल्या दिवशी अर्धी भाकरी जास्त चालेल, तेवढं अण्णांना सांग. तीन महिन्यांनी पुन्हा एचबीएवनसी करा आणि आकडा इथं लिही, मी वाट बघतेय.