आईचं तैलरंगातलं व्यक्तिचित्र करून घ्यायचं आहे, सल्ला हवा

आईची पंच्याहत्तरी डिसेंबरात आहे, आता जून संपत आलाय. पुण्यात राहतो. खुर्चीत बसलेली आई, पैठणी, नथ, मांडीवरचे हात दिसायला हवेत. आकार किती घ्यावा? चित्रकार कसा पारखावा? आईला तासन्‌तास बसणं जमणार नाही, तर फोटोवरून चालेल का? पैसे कसे द्यायचे?

प्रतिसाद १
हात हवे असतील तर २४ × ३० इंचांपेक्षा लहान नको. १८ × २४ मध्ये डोकं आणि खांदेच नीट बसतात. त्यात हात कोंबले की चेहरा आक्रसतो. कपाळाच्या वरच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचा चेहरा खऱ्यापेक्षा किंचित लहान ठेवायला सांगा. खऱ्याहून मोठा झाला की भिंतीवर अंगावर येतो. हातांना चेहऱ्याइतकीच मेहनत लागते, त्यामुळे हातांसकट चित्राचे पैसे जास्त सांगितले तर ते रास्तच आहे.

प्रतिसाद २
फोटोवरून चालेल, पण फोटो चित्रासाठी म्हणून काढलेला हवा. निम्मी चित्रं इथेच बिघडतात. मोबाइल दोन-तीन फुटांवर धरला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि चित्रकार तेच इमानदारीने रंगवतो. सात-आठ फूट मागे जा, दुपटीचा झूम वापरा, कॅमेरा आईच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. ऊन थेट येत नाही अशा एका खिडकीचा उजेड बाजूने घ्या, घरातले दिवे बंद करा. फ्लॅश अजिबात नको. नाकाची, गालाची, हनुवटीखालची सावली गेली की चेहऱ्याची घडणच जाते. ब्यूटी फिल्टर बंद आहे ना, ते तपासा. हातांचे, नथीचे आणि पदराचे जवळून वेगळे फोटो काढा. खिदळताना दात दिसणारा फोटो टाळा, रंगात गोठलेलं हसू फार दिवस बघवत नाही.
तरीही अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन बैठका ठरवाच. पहिली सुरुवातीला, त्वचेचा खरा रंग टिपायला. दुसरी शेवटी, डोळे आणि ओठ पक्के करायला. कॅमेरा सावळा रंग हमखास करडा नाहीतर लालसर करतो.

प्रतिसाद ३
पारखण्याबद्दल. फोनवरचे नमुने पाहून ठरवू नका, स्टुडिओत जाऊन मूळ कॅनव्हास बघा आणि शक्य तर शेजारी मूळ फोटो मागा. वृद्ध चेहऱ्यांचं काम आवर्जून बघा. तरुण गुळगुळीत गाल अनेकांना जमतात, सुरकुतीखालचं हाड थोड्यांना. जरीसाठी सोनेरी रंगाची बाटली वापरणारा असेल तर सावध व्हा. चांगली जर पिवळ्या मातकट रंगात, गडद तपकिरी सावलीत आणि मोजक्या उजळ ठिपक्यांत उभी राहते. कॅनव्हासवर फोटो छापून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेली ‘तैलचित्रं’ही विकली जातात. भिंगातून पाहा, छपाईचे बारीक ठिपके दिसतात.
नजर तयार करायला बालगंधर्व रंगमंदिरातली गोपाळ देऊसकरांची बालगंधर्वांची दोन चित्रं पाहून या, पुरुषवेषातलं आणि स्त्रीवेषातलं. वस्त्र आणि चेहरा यांतलं कोण कोणाला सांभाळतं, ते तिथे समजतं. कोल्हापुरातही व्यक्तिचित्रणाची जुनी परंपरा आहे, शोध पुण्यापुरता ठेवू नका.

प्रतिसाद ४
पैसे तीन हप्त्यांत: ठरवताना, एकरंगी खालचा थर पाहून, आणि ताबा घेताना. मधला टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. साम्य, मानेचा कल, हातांची जागा यांबद्दलच्या तक्रारी तेव्हाच सांगा. वर रंग चढल्यावर डोळा पाव इंच सरकवायचा म्हणजे अर्धा चेहरा पुन्हा रंगवणं. आणि बोलणारा घरातला एकच माणूस ठेवा. चार भावंडांच्या चार सूचनांनी चेहरा कोणाचाच राहत नाही.
कागदावर आकार, लिनन की सुती कॅनव्हास, बैठका, तारीख आणि फ्रेम कोणाकडे, हे लिहून घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन करून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा हक्क करून घेणाऱ्याकडे येतो. चित्रकाराला ते प्रदर्शनात लावायचं असेल तर तेही त्यातच लिहा.

धागाकर्ता
फार उपयोगी, आभार. डिसेंबरात वार्निश करूनच मिळेल ना? काच लावायची का?

प्रतिसाद २
अंतिम वार्निश नाही. वरून कोरडा लागला तरी तैलरंग आत महिनोन्‌महिने सुकत असतो; सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं. घाई केली तर वार्निश ओल्या थरात मिसळतं, पुढे चित्र साफ करताना रंगही निघतो. तोवर हलकं रिटच वार्निश, म्हणजे तात्पुरता पातळ थर, पुरे. अंतिम वार्निश सहा महिने उलटल्यावर, पावसाळा टाळून उरका. दमट हवेत लावलं तर पांढुरकं धुकं धरतं.
काच नको. चित्र बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका, देवघराच्या काजळीपासूनही लांब ठेवा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळते आणि मागून बुरशी धरत नाही. आणताना बबलरॅप रंगाला टेकू देऊ नका, त्याच्या फोडांचे ठसे उमटतात.