हरितलवकांचे जीनोम: पिकाच्या कामाचे की पेपरांच्या भरतीचे?

खोडवा: "पिकांचे हरितलवक जीनोम वाचणं ही पेपर पाडायची टांकसाळ आहे, शेतीला काडीचा उपयोग नाही," असं कुळव यांनी काल ठोकून दिलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून जरा सविस्तर. हरितलवक म्हणजे पेशीतला प्रकाशसंश्लेषण करणारा हिरवा कण; त्याचा स्वतःचा छोटा जीनोम, म्हणजे जनुकांचा संच, असतो आणि तो बहुतेक पिकांत आईकडून येतो. भाताच्या हरितलवकातला ६९ बेसांचा (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर) एक तुकडा इंडिका गटात सहसा गळालेला असतो, जपोनिका गटात सहसा शाबूत असतो. एवढ्या फरकावरून साध्या पीसीआरने वाणाची आई कुठल्या गोटातली ते कळतं. दुसरं, अॅट्राझिन या तणनाशकाला दाद न देणारा कॅनोला, म्हणजे मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक. तो गुण केंद्रकात नाही, हरितलवकातल्या पीएसबीए जनुकात आहे: त्याच्या प्रथिनात २६४व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल जाऊन ग्लायसीन. तणातून आला, तोही आईकडून. हा काडीचा उपयोग नाही?

कुळव: माझ्या नावाने पावती फाडलीत म्हणून उत्तर देतो. तो ६९चा तुकडा सापडला तेव्हा आजचं घाऊक सिक्वेन्सिंग (डीएनए वाचन) जन्मालाही आलं नव्हतं. आणि कॅनोलातला तो बदल प्रकाशसंश्लेषणच मंदावतो, उत्पादन मार खातं. हे विसरलात की सोयीने गाळलंत? आजचा पेपर कसा बनतो ते ऐका. गेटऑर्गनेल या सॉफ्टवेअरने जीनोम जुळवा, जीसेक या दुसऱ्यात जनुकं लावा, एसएसआर (पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) मोजा, एमव्हिस्टाचं तुलनेचं रंगीत चित्र टाका, शेवटी एक वंशवृक्ष. निष्कर्ष ठरलेला: रचना चार भागांची, जनुकक्रम जपलेला, पुढील अभ्यासास उपयुक्त. पिकाचं नाव तेवढं बदला.

ओंबी: रचना जपलेली? हरितलवकाच्या जीनोममध्ये एक तुकडा उलट-सुलट दिशांनी दोनदा येतो, तो आयआर. हरभरा, वाटाणा, मसूर यांच्यात त्याची एक प्रतच उडालेली आहे. भुईमुगात दोन्ही शाबूत. आधी वाचा, मग थट्टा करा.

टरफल: रचनेचा विषय निघालाच आहे तर माझं जुनं दुखणं. जिथे बघावं तिथे "एसएससी भाग (दोन आयआरमधला छोटा भाग) उलटलेला आढळला" आणि त्यावर उत्क्रांतीचं प्रवचन. अहो, एकाच पानात दोन्ही दिशांचे रेणू जवळपास निम्मे-निम्मे असतात! दोन आयआर आपसात अदलाबदल करतात आणि मधला भाग फिरतो. १९८३ मध्ये घेवड्यात हे दाखवून झालंय. सॉफ्टवेअरने जी दिशा छापली ती छापली. माझ्या प्रबंधात मार्गदर्शकांनी या 'शोधाचं' स्वतंत्र प्रकरण करायला लावलं. विरोध केला तर म्हणाले, आकृती छान दिसते. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनीही नेमकं त्याच आकृतीचं कौतुक केलं. मी मान खाली घालून धन्यवाद म्हणालो.

ओंबी: हरभऱ्यात आयआरची जोडीच नाही, तिथे ही फिरवाफिरव कशी होणार? तिथली उलटापालट खरी असू शकते. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

टरफल: हरभऱ्याबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. दोन आयआर असलेल्यांबद्दल बोलतोय. वाचून उत्तर द्यायची पद्धत बंद झाली का?

ओंबी: "जिथे बघावं तिथे" हे तुमचेच शब्द.

कुळव: चालू द्या. माझा मुद्दा तुम्ही दोघं फुकटात सिद्ध करताय.

खोडवा: मुद्द्यावर या. १९७० मध्ये अमेरिकेत मक्यावरच्या करप्याने हाहाकार माजवला, कारण बहुतेक संकरित बियाण्यात एकच टेक्सास सायटोप्लाझ्म, म्हणजे आईकडून आलेलं पेशीद्रव्य, होता आणि तो या रोगाला बळी पडणारा निघाला. आईची बाजू तपासणं ही हौस नाही.

कुळव: तो दोष मायटोकॉन्ड्रियातला. हरितलवकाच्या खात्यावर उसनवारी कशाला?

खोडवा: मक्यात दोन्ही आईकडूनच येतात. मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम इतका तुटत-जुळत असतो की तो जुळवताना घाम फुटतो. हरितलवकाचा त्या मानाने सोपा, आणि त्यावरून सायटोप्लाझ्म कुठला याचा माग लागतो. नरवंध्य, म्हणजे कामाचे परागकण न बनवणारे, वाण वेगळे ओळखायला तो याचसाठी कामी येतो.

कुळव: बरं, ओळखपत्र म्हणून मान्य. हार घालू का तुम्हाला? पण त्याला एक-दोन मार्कर, म्हणजे डीएनएतल्या ओळखीच्या खुणा, पुरतात. दीड लाख बेस पुन्हा पुन्हा कशाला वाचायचे?

ओंबी: मार्कर कुठे बसवायचा ते काय पंचांगात बघणार? जवळच्या वाणांचे अनेक जीनोम शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय फरकाची जागा सापडत नाही.

कुळव: मग ठेवा ना शेजारी! पेपरात एका पिकाचं एकच रोप असतं, आणि कच्चे रीड्स, म्हणजे यंत्राने वाचलेले मूळ छोटे तुकडे, मागितले की मौन. रीड्सच नसतील तर जुळणी बरोबर की चूक, कोणी तपासायचं?

टरफल: यावर मात्र मी कुळवांच्या बाजूने. रीड्स मिळाले असते तर त्या एसएससीच्या...

ओंबी: झालं. आलं परत एसएससी.