टोरांटोचं बेट: तुम्ही कधी गेलात?

गेल्या ऑक्टोबरात आईला घेऊन वॉर्ड्स आयलंडला गेले, म्हणजे टोरांटोसमोर सरोवरात जी बेटं आहेत, त्यांतल्या एका भागात. मंगळवार होता. आई डोंबिवलीची. चार महिने आमच्या २२व्या मजल्यावर राहून कंटाळली होती, पण बोलत नव्हती. युनियन स्टेशनपासून धक्क्यापर्यंत चालत गेलो तर वाटेत खोदकाम, ट्रामची खडखड, सायरन. मग बोटीत बसलो आणि १५ मिनिटांत पलीकडे. उतरल्यावर आई थबकली. "अगं, इथे गाड्याच नाहीत?" बेटावर खासगी मोटारींना बंदी आहे, हे मी तिला मुद्दामच सांगितलं नव्हतं.

पूल ओलांडून अल्गॉनक्विन बेटावरच्या गल्ल्यांतून हिंडलो. तिथे माणसं राहतात, छोटी लाकडी घरं आहेत. एका फाटकापाशी हिरव्या टोमॅटोंची टोपली होती, वर चिठ्ठी: घेऊन जा. आईनं तीन उचलले. घरी येऊन तीळ-दाणे घालून चटणी केली, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी मावशीशी फोनवर पोटभर बोलली.

तुम्ही गेला असाल तर लिहा. कुणासोबत गेलात, कुठल्या ऋतूत, तेही सांगा. आलेली उत्तरं खाली देतेय.

स्कारबरोहून
आम्ही जुलैतल्या शनिवारी गेलो आणि चुकलो. धक्क्यावर दीड तास रांग, कडेवर ८ महिन्यांचं बाळ. सेंटर आयलंडला पाळणे आणि झुकझुकगाडी, त्यामुळे गर्दी तिकडेच. शांतता हवी तर वॉर्ड्सची बोट धरा, तीही आडवारी. तिकीट जातानाच काढायचं, परतीचं वेगळं लागत नाही.

मिसिसागाहून
मी अलिबागचा. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जायचं आणि भरतीच्या आत परतायचं, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. इथेही एकेकाळी चालत जाता यायचं, हे कळलं तेव्हा फार जवळचं वाटलं. ही वाळूची लांब जीभ होती, जमिनीला जोडलेली. १८५८च्या वादळानं ती पूर्वेकडून तोडली आणि बेट झालं. बेटावरच्या जिब्राल्टर पॉइंटचं दीपगृह त्याच्याही आधीचं, १८०८चं. बांधलं तेव्हा पाण्याला अगदी लागून होतं. पुढे वाळू साचत गेली, किनारा सरकला, आणि आता ते झाडीत आत उभं आहे. मी दर वेळी त्याच्या दगडाला हात लावून येतो.
पण वाळू जशी येते तशी जातेही. २०१७च्या पुरात जुलै संपेपर्यंत बेट आपल्यासारख्यांना बंद होतं. ते दिवस मला जड गेले.

नॉर्थ यॉर्कहून
माझी वेळ जानेवारीची. बाबा गेले तेव्हा मला साताऱ्याला पोचता आलं नाही. तेराव्याच्या दिवशी घरात बसवेना, म्हणून निघाले. हिवाळ्यात फक्त वॉर्ड्सची बोट चालते. बंदरातलं पाणी गोठलेलं होतं, बोट पुढे सरकेल तसा बर्फ पापडासारखा मोडत होता. बोटीत आम्ही सहाजण, कुणी बोलत नव्हतं.
दक्षिणेकडच्या काठावर गेलं की शहर झाडीआड पाठीमागे राहतं. समोर नुसतं उघडं पाणी. चुलतभावाला फोन लावून विचारलं, कसं करायचं. तो म्हणाला, "ताई, दक्षिणेकडे तोंड कर, अंगठ्याच्या बाजूनं पाणी सोड, तीळ घे." मी उभी होते तीच दक्षिण होती. काठावरच्या बर्फावर गुडघे टेकून ओंजळ भरली. बाबांचं नाव, गोत्र मोठ्यानं घेतलं. ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे आवाज फुटला.
परतीच्या बोटीत हातमोजा काढला, तर दोन तीळ तळव्याला चिकटलेले होते.